गेटाबाहेरची गणपूर्ती

मलकपेट, हैदराबाद
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे देवरावचा, तुम्हाला आणि अक्काला मनापासून जय भीम. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तिकडे परभणीत तुमचा गुडघा, अक्काची साखर आणि दारातलं लिंबाचं झाड या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. (गुडघ्याला तेल चोळू नका असं डॉक्टरांनी बजावल्याचं अक्का सांगत होती. तुम्ही चोळतच असणार. डॉक्टरांनी ते लेखी दिलेलं नाही, तोंडी आदेश तुम्ही जिल्हा परिषदेतही कधी मानला नाही.) ही हकीकत मी फोनवरही सांगू शकलो असतो. पण फोनवरच्या बोलण्याला आवक क्रमांक पडत नाही म्हणून तुम्ही ते अर्धंच ऐकता, हे मला चाळीस वर्षांच्या नात्यात पुरतं उमगलंय. म्हणून कागद घेऊन बसलो. आमची नात पिंकी मघाशी डोकावून गेली आणि माझ्या अक्षराकडे बघून म्हणाली, "आजोबा, ये कौनसा फॉन्ट है?" तिला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ती 'इतिवृत्त' हा शब्द तीन ठिकाणी थांबून वाचते, सिग्नल लागल्यासारखी.

तर इतिवृत्ताचीच गोष्ट आहे. आमच्या सम्यक मित्र मंडळाबद्दल तुम्हाला माहीत आहेच. मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांचं हे मंडळ, आणि मी त्याचा एकोणीसशे चौऱ्याण्णवपासूनचा सचिव. (दर तीन वर्षांनी निवडणूक होते. सचिवपदाची वेळ आली की सगळे आपापल्या चपला शोधायला लागतात.) मंडळाकडे नामपल्लीच्या एका गल्लीत तळमजल्यावरची भाड्याची खोली आहे. दोन लोखंडी कपाटं पुस्तकांची, चार लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि बोलतो जास्त. ज्यांच्या घरी पुस्तक उघडायला कोपरा नाही अशा चौदा पोरी रोज संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसतात. कुणी नर्सिंगची, कुणी बँकेच्या परीक्षेची. ही अभ्यासिका पार्वतीबाईंनी सुरू केली. पार्वतीबाई म्हणजे दिलसुखनगरच्या, सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून वॉर्डातलाच. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकल्या. पण एखादी पोरगी पुस्तकावर मान टाकून झोपली तर कोणत्या पानावर झोपली हे त्यांना बरोबर कळतं.

मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही सात जण, गणपूर्तीला चार लागतात. आणि घटनेचं कलम नऊ असं आहे: 'कार्यकारिणीची सभा मंडळाच्या जागेत अगर अध्यक्षांस सोयीचे वाटेल अशा ठिकाणी भरवावी.' हे वाक्य मीच लिहिलं. तेव्हाचे अध्यक्ष मंडळाच्या खोलीशेजारीच राहत होते, त्यामुळे सोयीचं आणि जागेचं यात बारा पावलांचा फरक होता. 'अगर' हा काना-मात्राही नसलेला शब्द पुढे एवढा वाढेल असं मला वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी विजयराव हटकर अध्यक्ष झाले. माणूस चांगला, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, वय पन्नाशीच्या आत, कुणाच्याही घरी आजारपण असलं तर गाडी घेऊन पहिला हजर. पण सोय या गोष्टीवर त्यांचं फार प्रेम. पहिली सभा त्यांनी एका लग्नात भरवली. सगळे तिथे येणारच आहेत, मग वेगळा खेटा कशाला, हा त्यांचा हिशोब. फंक्शन हॉलच्या एका कोपऱ्यात बँडच्या तालावर मी विषयपत्रिका वाचली. पहिला ठराव मंजूर झाला. दुसऱ्याच्या मध्यात आइस्क्रीमचं काउंटर उघडलं आणि गणपूर्ती उठून रांगेत उभी राहिली. मी इतिवृत्तात 'सभा तहकूब' असं लिहिलं, कारण दिलं नाही.

त्यानंतरची सभा मेट्रोत झाली. हसू नका दाजी, खरंच झाली. विजयराव म्हणाले, ही एकच लाइन आपल्या सगळ्यांच्या घरावरून जाते, मी कुकटपल्लीला चढतो, तुम्ही वाटेत चढत जा, सभाच तुमच्या दारात येईल. ऐकायला इतकं सुंदर वाटलं की मीही मान डोलावली. ते आणि धम्मदीप (त्यांच्याच टॉवरमध्ये राहणारा, संगणकवाल्या कंपनीतला तरणाताठा सदस्य) कुकटपल्लीला चढले. मी मलकपेटला चढलो, झालो तीन. पार्वतीबाई दिलसुखनगरला चढल्या, झालो चार, आणि गणपूर्ती झाली. पण गाडी एल. बी. नगरला संपते, आणि दिलसुखनगरपासून ते तिसरंच स्टेशन. म्हणजे आमची गणपूर्ती सहा मिनिटं टिकली. त्यातही पार्वतीबाई पाटी वाचून इमानदारीने बायकांच्या जागेत जाऊन बसल्या आणि तिथून हलेनात. मी मध्ये दांड्याला धरून उभा राहिलो आणि तिकडचं इकडे, इकडचं तिकडे ओरडत राहिलो. ठरावाला अनुमोदन कोण देतंय असं मी विचारलं तेव्हा हात वर करणाऱ्या बाई आमच्या नव्हत्याच, त्या बिचाऱ्या दांडा धरत होत्या. हे मला नाव विचारल्यावर कळलं. (त्यांनी नाव सांगितलं. भाग्यलक्ष्मी. फार सभ्य बाई. ते मी खोडलं नाही.)

इथपर्यंत सगळी गंमत होती. मीही घरी येऊन रंगवून सांगत होतो. पुढचं सांगताना हात जरा जड होतोय.

गेल्या महिन्यात विजयरावांनी सभा स्वतःच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये ठेवली. कुकटपल्लीला नवीन झालेली ती उंच वसाहत, गेटावर कमान, आत कारंजं. रविवारी सकाळी अकराची वेळ. मला धम्मदीपने शहरातून परतताना वाटेत गाडीत घेतलं, म्हणून मी गेटातून कसा आत गेलो हे मलाही कळलं नाही. काच वर होती आणि गाणं चालू होतं. क्लबहाउस म्हणजे काय सांगू, दाजी! छताला झुंबर. सोफे असे की माणूस बसतो आणि थोडा वेळ खालीच जात राहतो. विजयराव, त्यांचे साडू, धम्मदीप आणि मी, असे चौघे जमलो. पार्वतीबाई, नर्स असलेल्या प्रियदर्शिनीताई आणि आमचे ज्येष्ठ सदस्य लक्ष्मणराव, यांच्या तीन खुर्च्या रिकाम्या. पंधरा मिनिटं थांबलो. मग विजयराव म्हणाले, गणपूर्ती आहे, सुरू करू, आणि सगळ्यांना फोन बंद करायला लावले. सभेची शिस्त म्हणून. मी शिस्तीचा माणूस, पहिला बंद केला.

विषय एकच होता. नामपल्लीची खोली पुढच्या महिनाअखेरीस घरमालकाला परत द्यायची, आणि मंडळाचं सगळं कामकाज इथे क्लबहाउसमध्ये आणायचं. पोरींसाठी काय, तर अभ्यासाचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू. विजयराव तळमळीने बोलले. ती गल्ली, तो बोलका पंखा, पावसात उंबऱ्याला लागणारं पाणी, अजून किती दिवस, असं त्यांचं म्हणणं. साडूंनी मान हलवली, धम्मदीपने हलवली. मीही हलवली. खरं सांगतो दाजी, मला शंका आली होती. पार्वतीबाई तीस वर्षांत सभेला एकदाही उशिरा आलेल्या नाहीत. पण सोफ्यातून उठून 'थांबा, बघून येतो' म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात त्या दिवशी नव्हता. (सोफ्याचा दोष अर्धा धरा, माझा अर्धा.) मी इतिवृत्त लिहिलं: 'तीन सदस्य अनुपस्थित. ठराव एकमताने मंजूर. विरोध कोणीही केला नाही.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. घरी येऊन फोन चालू केला तर लक्ष्मणरावांचे अकरा मिस्ड कॉल.

मंगळवारी दुपारी पार्वतीबाई आमच्या घरी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वहीत काय लिहिलंस ते वाच." मी वाचलं. पहिल्यांदाच मला माझं मराठी ऐकवेना.

"अनुपस्थित म्हंजे काय?"

"म्हणजे... आले नाहीत."

"आम्ही तर आलो होतो. पावणेअकराला. गेटावरच्या माणसानं नाव विचारलं, यादीत बघितलं, म्हणे वरून मोबाइलवर मंजुरी येऊ द्या. विजयचा फोन बंद, तुझा बंद. एक वाजेस्तोवर बसलो बाहेर कट्ट्यावर. लक्ष्मणरावांना उन्हानं गरगरलं. आता मला सांग, दारात अडवलेल्या माणसाला तुमच्या वहीत काय म्हणतात? असंल ना काही शब्द? तो लिही."

दाजी, तीस वर्षं मी ही वही लिहितोय. उपस्थित माहीत आहे, अनुपस्थित माहीत आहे, रजेचा अर्ज देऊन अनुपस्थित माहीत आहे. दारात अडवलेल्याला शब्द नाही. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "त्या खोलीत बसून तिघी जणी नोकरीला लागल्या यंदा. व्हिडिओ बघायला घरात एक फोन असतो, तो बापाच्या खिशात असतो. हे मला तिथं सांगायचं होतं. बस." मग आमच्या सौभाग्यवतीने चहा आणला. पार्वतीबाईंच्या बशीत दोन बिस्किटं, माझ्या बशीत एकही नाही. घरातला ठरावही एकमताने मंजूर झाल्याचं मला कळलं.

त्या गेल्यावर मी घटना काढून बसलो. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झाल्याशिवाय ठराव अमलात येत नाही, हे कलम होतं. (हेही माझंच. कधी कधी माणूस तरुणपणी चांगलं काम करून ठेवतो.) म्हणजे अजून एक सभा बाकी होती. पण ती भरवणार कुठे? अध्यक्षांना सोयीचं तेच झुंबराखाली. तीन नावं यादीत घालायला सांगितली असती तर विजयरावांनी घातलीही असती, नाही असं नाही. पण मला वाटलं, दाजी, की आपल्याच मंडळाच्या सभेला जायला आपलं नाव तिसऱ्याच्या यादीत कशाला पाहिजे? त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी लिहिणार होतो, पण लागली. सकाळी उठलो तेव्हा मात्र डोकं साफ होतं. मी सभेची नोटीस लिहिली आणि ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: 'टॉवरचे मुख्य प्रवेशद्वार, बाहेरील बाजू.'

तासाभरात विजयरावांचा फोन. "देवरावकाका, हे काय छापलंय? बाहेरील बाजू?"

मी उभं राहून बोललो. (खुर्चीत बसून बोललो असतो तर डळमळलो असतो.) "नियम आहे साहेब. ज्या सभेला सदस्य अनुपस्थित राहिले, तिचं इतिवृत्त कुणालाही येता येईल अशा दाराबाहेरच्या जागेतच कायम करावं लागतं. जिल्हा परिषदेचा नियम. आमचे दाजी नामदेवराव एकतीस वर्षं सभा शाखेत होते, त्यांचा शब्द आहे."

"पण काका, ती जिल्हा परिषद महाराष्ट्रातली. आपण तेलंगणात."

"नियम निजामाच्या वेळचा आहे," मी म्हणालो. "तेव्हा परभणीही हैदराबादचीच होती."

मॅनेजर लोकांना माणसाशी भांडता येतं, नियमाशी नाही. "बरं," ते म्हणाले. "येतो खाली."

काल रविवारी सभा झाली. मी साडेदहालाच पोहोचलो, या वेळी मेट्रोने आणि मग पायी, आणि गेटावर मलाही अडवलं गेलं. बरं वाटलं. गेटावर यादय्या नावाचा रखवालदार असतो, मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं. त्याला सभा आहे असं सांगितलं तर तो म्हणाला, अंदर जाने का नहीं ना, फिर बैठो, बाहर की जगा मेरी नहीं, किसी की नहीं. पार्वतीबाई आल्या तशी त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची काढून त्यांना दिली आणि "कूर्चोंडी अम्मा" म्हणाला. लक्ष्मणराव कट्ट्यावर टेकले. प्रियदर्शिनीताई रात्रपाळी करून थेट आल्या होत्या, त्या भिंतीला पाठ लावून उभ्या. हजेरीपट मी घरी विसरलो होतो, तेव्हा यादय्याचीच येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही घेतली. त्यात 'कुणाला भेटायचे' असा रकाना होता. लक्ष्मणरावांनी त्यात स्वतःचंच नाव लिहिलं, मी रकाना वाचून सांगितला होता पण त्यांना ऐकू कमी येतं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात प्रियदर्शिनीताईंनी लिहिलं, 'मत देणे'.

बरोबर अकराला विजयराव, साडू आणि धम्मदीप गेटाच्या आतल्या बाजूने येऊन उभे राहिले. आता पेच असा की ते आत आणि आम्ही बाहेर, मध्ये आडवा लाल-पांढरा दांडा. नोटिशीत बाहेरील बाजू लिहिलेली. मी म्हणालो, साहेब, तुम्ही अजून सभेत आलेले नाहीत. यादय्याने दांडा उचलला. ते बाहेर आले. साडू तेवढे बाहेर येईनात, त्यांना ऊन लागतं, म्हणून ते आतच कमानीच्या सावलीत राहिले. मी वहीत लिहिलं: 'एक सदस्य अनुपस्थित.' दाजी, मला लिहिताना फार आनंद झाला हे मी लपवत नाही.

इतिवृत्त वाचलं. मधूनमधून जेवणाची पार्सलं घेऊन गाड्या येत होत्या, प्रत्येक जण आम्हालाच फ्लॅट नंबर विचारत होता, आणि लक्ष्मणराव प्रत्येकाला नमस्कार करत होते. 'तीन सदस्य अनुपस्थित' या शब्दांपाशी मी आलो आणि थांबलो. विजयराव म्हणाले, "काका, वाचा ना. नव्हते आले, तर तसं लिहिण्यात चूक काय?"

तेव्हा यादय्या मध्ये बोलला. त्याला मराठी फार येत नाही, पण वाक्याचा रोख कळला असावा. "नहीं साब. ये अम्मा, ये बड़े साब, ये मैडम, पिछले बखत भी आए थे. दो घंटे इधरीच बैठे. मैं आपको छे बार फोन लगाया, बंद. क्लबहाउस में भी लगाया, उठाए नहीं कोई. अम्मा को पानी मैं पिलाया."

विजयराव यादय्याकडे बघत राहिले. मग पार्वतीबाईंकडे. माणसाचा चेहरा उतरतो म्हणतात ते मी काल डोळ्यांनी बघितलं, कपाळापासून सुरू होऊन हनुवटीपर्यंत. ते म्हणाले, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं तुम्हाला जागा आवडली नाही म्हणून आला नाहीत." मग खाली बघत म्हणाले, "माझ्या बापाने असल्याच बिल्डिंगा बांधायला डोक्यावरून विटा वाहिल्या. आतल्या सोफ्यावर कधी बसला नाही. मला वाटलं, आपली माणसं एकदा तिथं बसावीत. झुंबराखाली. एवढंच होतं माझ्या डोक्यात. खोलीचा राग नव्हता मला."

एक पार्सलवाला आला, त्यालाही काही तरी जाणवलं असावं, तो हळूच दांड्याखालून वाकून गेला. पार्वतीबाई खुर्चीतून उठल्या, विजयरावांच्या खांद्यावर हात ठेवला (त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या) आणि म्हणाल्या, "मग असं सांगायचं ना, येड्या. सोफा बघायला आम्ही कधीबी येऊ. त्यासाठी पोरींची बाकं कशाला काढायची?"

मत घेतलं. खोली सोडण्याच्या बाजूने शून्य. विजयरावांनी स्वतः हात वर केला नाही. धम्मदीपने इकडे तिकडे बघितलं आणि हात खिशात घातले. खोली ठेवण्याच्या बाजूने सहा. सहावा माझा. सचिवाने मत द्यायचं नसतं असा आमच्याकडे रिवाज आहे, नियम नाही, आणि काल माझा हात माझ्या आधी वर गेला. मग कलम नऊ दुरुस्त करायचा ठराव विजयरावांनीच मांडला, मी तिथेच कट्ट्यावर बसून लिहिला: 'सभा अशाच ठिकाणी भरवावी, जिथे मंडळाच्या कोणत्याही सदस्यास कोणाचीही मंजुरी न घेता आत येता येईल, बसता येईल व पाणी मिळेल.' पाण्याचं पार्वतीबाईंनी घालायला लावलं. 'अगर' हा शब्द मी कुठेही येऊ दिला नाही. सर्वसाधारण सभेत तेवढं मंजूर करून घ्यायचं राहिलंय.

सभा संपल्यावर विजयरावांनी सगळ्यांची नावं मोबाइलवर टाकली, यादय्याला दाखवली, आणि आम्हाला आत नेलं. यादय्यालाही म्हणाले चला, तर तो म्हणाला गेट कौन देखेंगा. झुंबराखाली चहा झाला. लक्ष्मणराव सोफ्यात इतके रुतले की त्यांना दोघांनी ओढून काढावं लागलं. पार्वतीबाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या बराच वेळ वर झुंबराकडे बघत होत्या आणि मग विजयरावांना म्हणाल्या, "तुझा बाप असता तर म्हणाला असता, ह्याची धूळ कोण पुसतं?" विजयराव इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसूनच पुसले असावेत.

एवढी सगळी खुशालीची बातमी. अक्काला नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. आमच्या घरून तुम्हा दोघांना जय भीम सांगितला आहे, आणि कालपासून माझ्या बशीतही बिस्किटं यायला लागली आहेत हेही जाता जाता कळवतो. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, तेव्हा हात आवरतो.

तुमचा,
देवराव

ता. क. : वर मी तुमचा शब्द म्हणून जो नियम विजयरावांना सांगितला, तो तुम्हाला आठवत नसेल. डोक्याला ताण देऊ नका. आठवणार नाही. मीच तो फोनवर, उभ्या उभ्या केला. निजामाचंही मीच घातलं. तोंडातून गेलं, आणि एकदा गेलेल्या गोष्टीला जावक क्रमांक पडला की परत घेता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

ता. क. दुसरा : अडचण अशी झालीय की विजयराव आता त्या नियमाच्या प्रेमात पडलेत. आज सकाळीच फोन होता, त्याची प्रत पाहिजे, फ्रेम करून खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायची आहे. मी म्हणालो, प्रत परभणीला दाजींच्या कपाटात आहे, शोधायला आठ-दहा दिवस लागतील. तेव्हा तुमच्या जुन्या परिपत्रकांच्या गठ्ठ्यात सभेच्या जागेबद्दलचं काहीही असलं, अगदी सभागृहातल्या सतरंज्या झटकण्याबद्दल असलं, तरी गोल शिक्का असलेलं बघून तातडीने पाठवा. बाबासाहेबांच्या फोटोखाली खोटं लावायला माझा हात धजत नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात धम्मदीपचा फोन आला, म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत लिहितोय. त्याने हा नियम गेल्या आठवड्यातच त्यांच्या टॉवरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथल्या भाडेकरूंनी (त्यांना कमिटीच्या सभेत बसू देत नाहीत) लगेच त्यांच्या कमिटीला नोटीस दिली, शेजारच्या दोन वसाहतींनीही उचललं, आणि येत्या चौदा तारखेला चार संघटना मिळून गेटाबाहेर मांडव घालून जाहीर सभा घेतायत. प्रमुख वक्ते म्हणून तुमचं नाव छापून झालंय. विषय: 'सभास्थान नियम, निजामकाळ ते आजतागायत'. गाडीचं तिकीट पिंकीने आत्ताच मोबाइलवर काढलं, त्याचा नंबर सोबत लिहिलाय, खालचा बर्थ आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. अक्कालाही आणा. आणि दाजी, तोवर कपाटात काहीच सापडलं नाही, तर प्रवासात बसून तो नियम एकदा नीट लिहूनच काढा. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे नियम लिहून घेतलेत, एक स्वतःचा करायला काय हरकत आहे? मांडवात तो सगळ्यांच्या मतांनी मंजूर करून घेऊ, म्हणजे खराच होईल.